खिचडीच्या टोपाशी वर्ग : देवगड किनाऱ्यावरच्या एका शाळेचा प्रकरण अभ्यास

देवगड तालुक्यात खाडी समुद्राला मिळते, त्याच्या जरा वरच्या अंगाला सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारावर, जिल्हा परिषदेची एक शाळा आहे. पहिली ते सातवी. खालच्या वाडीतून मासेमारी करणाऱ्यांची मुलं येतात, मधल्या वाड्यांतून शेतकऱ्यांची आणि बागायतदारांची. आंब्याच्या बागा राखायला आलेल्या नेपाळी कुटुंबांची काही मुलंही पटावर आहेत; हंगाम संपला की त्यातली निम्मी गावाला जातात. मी या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून आहे. शिक्षण अन्नशास्त्राचं, त्यामुळे आहाराची गोष्ट निघाली की काम माझ्याकडे येतं, आणि मला ते आवडतं. शाळेचं आणि माणसांचं नाव मी मुद्दाम देत नाही. गाव लहान आहे आणि इथे लिहिलेल्या काही गोष्टी घराघरांतल्या आहेत.

प्रश्न असा होता. या शाळेत रोज दुपारी ताजं अन्न शिजतं. सगळी मुलं ते एकत्र बसून खातात. तरीही सातवी पास होऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला आपल्या ताटातलं काय कुठून आलं, ते अंगाला कसं लागतं आणि नाक्यावरच्या पाकिटात काय भरलंय, यातलं फारसं काही सांगता येत नव्हतं. असं का?

भिंतीवरचा तक्ता

पाचवीच्या वर्गात 'समतोल आहार' असा छापील तक्ता लावलेला आहे. त्यावर सफरचंद, फ्लॉवर, पाव, चीज आणि काचेच्या पेल्यात दूध. बाईंनी एकदा मुलांना 'काल रात्री काय जेवलात' ते वहीत लिहायला सांगितलं आणि त्या वह्या समितीच्या बैठकीत आमच्यापुढे ठेवल्या. चपाती, भाजी, दूध, सफरचंद. पुढच्या वहीत तेच. त्याच्या पुढच्या वहीतही तेच.

दिवस आषाढाचे होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे खालच्या वाडीत ताजी मासळी नाही. सफरचंद आमच्याकडे कुणी आजारी पडलं तरच घरात येतं. रात्री बहुतेक चुलींवर पेज, कुळथाची पिठी, भाजलेला सुका बांगडा नाहीतर जवळ्याची चटणी असणार, हे बाईंनाही ठाऊक होतं. शाळेला कोणतं उत्तर हवंय ते मुलांनी तक्त्यावरून ओळखलं होतं आणि तेच लिहून दिलं होतं. एका मुलीने आधी 'पेज' लिहिलं होतं. मग ते जोर देऊन खोडलं होतं आणि वर 'चपाती' लिहिलं होतं. पान उलटं केलं तर पेन्सिलीचा दाब उमटलेला दिसत होता आणि खोडलेला शब्द मागून सरळ वाचता येत होता.

त्या पानाने मी अस्वस्थ झाले. ज्या अन्नावर ही मुलगी वाढली ते लपवण्यासारखं आहे, एवढंच तिने शाळेतून उचललं होतं. कुळथात शंभर ग्रॅममागे बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे तुरीच्या डाळीच्या बरोबरीने. नाचणीत शंभर ग्रॅमला ३४० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, तर पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. जवळा काट्याकवचासकट पोटात जातो, त्यामुळे त्यातलं कॅल्शियमही मिळतं. यातलं काहीही तक्त्यावर नव्हतं.

या मुलांना अन्नाची समज लागणार आहे ती परीक्षेसाठी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. १५ ते १९ वयाच्या मुलींत हे प्रमाण ५७ टक्क्यांच्या पुढे होतं. शाळेत लोहाच्या गोळ्या मिळतात, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळ्या. गोळी घेऊन वर लगेच चहा प्यायला की लोह अंगाला कमी लागतं, हे मात्र मुलांना कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि सकाळी चहात खारी बुडवून खायची नि शाळेत यायचं, हा आमच्याकडचा सर्रास नाश्ता.

टोपातलं गणित

शालेय पोषण आहार हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. योजनेचा प्रवास थोडक्यात सांगते. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. तेव्हा बऱ्याच राज्यांत मुलांना कोरडं धान्य घरी दिलं जाई. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला शिजवलेलं अन्नच द्यायला हवं असा आदेश दिला, आणि त्यानंतर शाळाशाळांत चुली पेटल्या. २०२१ पासून तिचं नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण. प्राथमिकच्या मुलाला रोज ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं, हा निकष. त्यासाठी लहानांना १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ-कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल.

हे आकडे शाळेच्या भिंतीवर रंगवलेले असतात. पालक त्यांच्याकडे पाहत नाहीत, मुलं तर नाहीतच. सहावी-सातवीच्या गुरुजींनी ते गणिताच्या तासाला घेतले. शंभर ग्रॅम तांदळातून आठ ग्रॅमच्या जवळपास प्रथिनं, वीस ग्रॅम तूरडाळीतून चार-साडेचार. बेरीज जेमतेम बारा. मुलांच्या लक्षात आलं की डाळ जरा जरी कमी पडली तरी निकष चुकतो, आणि पानातली डाळ खाली ठेवून नुसता भात खाल्ला तर तिसरा हिस्सा प्रथिनं वाया जातात. मग त्यांनी काट्यावर पन्नास ग्रॅम भाजी मोजली. पन्नास ग्रॅम बटाटा म्हणजे अर्धाच. पन्नास ग्रॅम लाल माठ म्हणजे ओंजळ भरून सांडेल एवढा, आणि शिजल्यावर दोन चमचे. सातवीतल्या एका मुलाने तिथेच विचारलं, "गुरुजी, मगे काकी रोज बटाटोच कित्याक घालतत?" उत्तर सोपं होतं. बटाटा टिकतो. आमच्याकडची बाजारची भाजी बरीचशी घाट उतरून कोल्हापूर-बेळगावकडून येते. पावसात घाट बंद पडला की माल येत नाही, आला तर सुकलेला येतो.

ज्यांच्या हातून हे सगळं शिजतं त्या काकी म्हणजे शाळेच्या स्वयंपाकी. मानधन महिन्याला २,५०० रुपये. सकाळी भांडी, मग धान्य निवडणं, शिजवणं, वाढणं, परत भांडी. पाककृती स्पर्धेच्या दिवसाखेरीज त्यांना कुणी काही विचारत नाही. आमची सगळी गोष्ट ज्या दिवशी वळली, तो दिवस त्यांच्यामुळेच आला.

'प्लास्टिकचा तांदूळ'

शाळेला येणारा तांदूळ तेव्हा पोषणमूल्ययुक्त, म्हणजे फोर्टिफाइड असे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून, यंत्रातून दाबून तांदळाच्याच आकाराचे दाणे काढतात आणि साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. हे दाणे किंचित पिवळट, जास्त गुळगुळीत दिसतात आणि पाण्यात टाकले की त्यातले काही वर तरंगतात. गावोगाव याला 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणतात. रेशनवरही हाच तांदूळ मिळे, त्यामुळे घरोघरी आया सुपात घेऊन ते दाणे निवडून फेकत.

शाळेतही तेच चाललेलं. काकींनी मला एका बशीत वेचलेले दाणे आणून दाखवले. "बाय, ह्यो बग. पाण्यात घातलो की वर येता. पोरांच्या पोटात जावक नको म्हणान मी रोज वेचून टाकतंय." त्या रोज अर्धा तास जादा खपून, मुलांच्या काळजीने, मुलांसाठी घातलेलं लोह काढून टाकत होत्या. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. तांदळाच्या पोत्यावर छापलेलं असतं, पण पोतं वाचायला देऊन कुणी शिकत नाही.

मी तोंडी सांगून त्यांचा विश्वास बसला नसता, आणि बसावा तरी का? म्हणून तिथेच, सातवीच्या मुलांसमोर, करून बघितलं. वेचलेले दाणे मूठभर घेतले. थोडे पाट्यावर वाटले, त्याचं पीठ झालं. थोडे वेगळ्या वाटीत शिजवले, ते फुगून मऊ झाले आणि बोटाने चिरडले गेले. उरलेले पळीत घेऊन गॅसवर धरले. करपलेल्या भाकरीचा वास आला आणि कोळसा झाला. प्लास्टिक असतं तर वितळलं असतं, तार सुटली असती, वास वेगळा आला असता, हे मुलांनीच सांगितलं. काकींनी शिजलेला दाणा तोंडात टाकून पाहिला. जरा वेळाने म्हणाल्या, "मगे आता वेचूक नको." आणखी एक गोष्ट त्यांना सांगितली, की तांदूळ फार वेळा, खूप चोळून धुवायचा नाही आणि वरचं पाणी ओतून टाकून भात करायचा नाही.

त्यानंतर जे घडलं ते माझ्या भाषणाने घडलं नसतं. त्याच आठवड्यात रेशनच्या रांगेत काकींनी बायकांना हे सगळं सांगितलं, दाणा दाताखाली चावून दाखवला. सातवीच्या मुलांनी घरी जाऊन पाट्यावरचा प्रयोग केला. मी पदवी घेऊन जे सांगितलं असतं त्यावर निम्म्या बायकांनी मान हलवली असती आणि सूप पुन्हा हातात घेतलं असतं. काकी त्यांच्यातल्या होत्या, रोज त्यांच्याच मुलांना वाढत होत्या. तिथून माझं मत पक्कं झालं: शाळेत अन्न शिकवायचं तर ते शिकवणारी व्यक्ती आधीपासून शाळेत आहे, फक्त ती वर्गाच्या बाहेर उभी आहे.

जपानने २००५ साली अन्नशिक्षणाचा स्वतंत्र कायदा केला आणि त्याच वर्षी शाळांत आहारशिक्षकाचं पद सुरू केलं. आपल्याकडे तसं पद उद्या निघेल असं नाही. पण याच कोकणपट्टीवर, बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बालवाडी सुरू केली तेव्हा पानं, बिया, शिंपले, जे परिसरात मिळेल ते शिकवण्याचं साहित्य केलं होतं. आमच्याकडे परिसरही होता आणि तो जाणणारी बाईही.

काकींचा तास

वेळ कुठून आणायचा हा शिक्षकांचा पहिला प्रश्न होता, आणि तो रास्त होता. मोजके शिक्षक, अनेक इयत्ता, वर रोजची ऑनलाइन माहिती भरणं. वाट शनिवारने काढून दिली. २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आहे, दप्तराविना शिकायचा दिवस. त्यातला एक तास काकींना द्यायचा, असा ठराव समितीने केला. काकी आधी तयार नव्हत्या. "माका लिवक येना नाय, मी काय शिकवतलंय?" मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना फळ्याजवळ खुर्ची दिली आणि म्हणाल्या, लिहायचं काम मी करीन, तुम्ही बोला.

पहिला तास टाकळ्याचा झाला. मृग पडून गेल्यावर सड्यावर, रस्त्याच्या कडेला जिकडेतिकडे टाकळा उगवतो. काकी येताना एक जुडी घेऊन आल्या. पानं कशी समोरासमोर जोडीने येतात, संध्याकाळी कशी मिटतात ते दाखवलं. "कवळो पालो तेवढो खुडूचो. फुलां इली काय टायकळो कडू लागता." मोठ्या बाईंनी फळ्यावर लिहून घेतलं: कोवळी पानं, फुलं येण्याआधी, रस्त्याला लागून असलेली नकोत कारण त्यावर गाड्यांची धूळ आणि फवारणीचं औषध असू शकतं. हा शेवटचा मुद्दा एका मुलाच्या आजीचा. ती दारात उभी राहून ऐकत होती आणि तिथूनच बोलली. तिला आत बोलावलं. मग शनिवारी आज्या यायला लागल्या.

दुसऱ्या एका तासाला अळू आणि तेरं. दोन्ही दिसायला जवळची, दोन्ही घशाला खाजतात. का खाजतात ते गुरुजींनी सांगितलं: पानात, देठात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक असतात. काय करायचं ते काकींनी सांगितलं: देठ सोलून घ्यायचे, हाताला तेल लावायचं, चांगलं शिजवायचं आणि आमसुलं किंवा चिंच घातल्याशिवाय उतरवायचं नाही. विज्ञानाच्या पुस्तकातलं आम्ल आणि काकींचं आमसूल त्या तासाला एका फळ्यावर आलं. उत्तर कोकणातली माणसं शेवळाच्या भाजीत काकडाची आंबट फळं घालतात, तेही याच कारणासाठी. हे गुरुजींनी आपल्या मूळ गावावरून सांगितलं.

मार्चमध्ये बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, तास झाला. काजूच्या बिया विकल्या जातात आणि बोंडू झाडाखाली सडतात, हे दृश्य मुलांच्या रोजच्या पाहण्यातलं. बोंडवात 'क' जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असतं आणि 'क' जीवनसत्त्व जेवणासोबत पोटात गेलं की पालेभाजीतलं, कडधान्यातलं लोह जास्त शोषलं जातं. लोहाच्या गोळीवर चहा नको, हे त्याच तासाला सांगितलं. बोंडू नुसता खाल्ला की घसा धरतो, म्हणून मिठाच्या पाण्यात ठेवून फोडी करून वाटल्या. चव सगळ्यांना आवडली असं नाही. दोघांतिघांनी तोंडं वाकडी करून बाजूला ठेवल्या आणि काकींनी त्यांना ठेवू दिल्या. जबरदस्तीने भरवायचं नाही, हा नियम त्यांनीच घातला, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. मूल नवी चव लगेच घेत नाही. पुन्हा पुन्हा समोर आली, आजूबाजूची मुलं खाताना दिसली, की हळूहळू घेतं.

नेपाळी मुलांपैकी एकाची आई एका शनिवारी आली आणि तिने नाचणीच्या पिठाचा ढिंडो करून दाखवला. उकळत्या पाण्यात पीठ सोडायचं, लाकडी दांड्याने घोटत राहायचं, घट्ट गोळा झाला की आमटीबरोबर खायचा. आमच्या बायकांना नाचणीचं आंबील, घावन, भाकरी माहीत; हे नवीन. तो मुलगा एरवी वर्गात मागच्या रांगेत गप्प बसे. त्या दिवशी त्याने सगळ्यांना कसं खायचं ते दाखवलं, बोटांनी गोळा करून, मध्ये खळगा पाडून.

पन्नास मीटर

शाळेच्या फाटकासमोर एक दुकान आहे. पाच-दहा रुपयांची रंगीत पाकिटं, लहान बाटल्या, गोळ्या. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. मुलांनी मोजपट्टी धरून अंतर मोजलं. दुकान बरंच आत आलं.

समितीतल्या एका सभासदांचं म्हणणं होतं की तक्रार करून मोकळं व्हावं. मी विरोधात होते. दुकान चालवणाऱ्या काकी एकट्या आहेत आणि त्यांचं पोट त्यावर आहे. त्या बोलावल्यावर आल्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, "माझ्या पोटार पाय देव नकात." आम्ही त्यांना वर्गात बसवलं आणि त्यांच्याच दुकानातली बाटली मुलांकडून वाचून घेतली. शंभर मिलीला अकरा ग्रॅम साखर, बाटली दोनशे मिलीची, म्हणजे बावीस ग्रॅम. मुलांनी तेवढी साखर मोजून पांढऱ्या कागदावर ओतली; चहाचे पाच-साडेपाच चमचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली असावी, जमल्यास पाच. दिवसाला पंधराशे किलोकॅलरी लागणाऱ्या मुलाला पाच टक्के म्हणजे एकोणीस ग्रॅमसुद्धा नाही. एक लहान बाटली आणि दिवसाची साखर संपून वर गेली.

त्याच दिवशी मी मुलांना घरच्या कोकम सरबताचंही गणित करायला लावलं, कारण गावचं ते सगळं चांगलं असा समज मला त्यांच्या डोक्यात घालायचा नव्हता. अमृत कोकम घालताना सालींच्या दुपटीच्या आसपास साखर पडते. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वेगळं; त्यात मीठ असतं, साखर नसते, आणि नारळाच्या दुधात घातलं की सोलकढी होते. सुक्या मासळीतल्या मिठाचंही तेच: चिमूटभर चटणी ठीक, रोज वाडगाभर नको.

दुकानात आता पुढच्या फळीवर शेंगदाण्याची चिक्की, गूळ-चणे आणि खजूर असतात. पाकिटं मागच्या फळीवर गेली, पण गेली नाहीत. शाळा सुटल्यावर मुलं अजून घेतात, मोठी मुलं जास्त. हे मी लपवणार नाही.

जिथे अडलं

रानभाजी शाळेच्या टोपात घालायची नाही, असं केंद्रप्रमुखांनी, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, पहिल्याच भेटीत सांगितलं. मला आधी राग आला, पण त्यांच्या भीतीला कारण आहे. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून कीटकनाशक पोटात जाऊन २३ मुलं दगावली. तेव्हापासून मुलांना वाढण्याआधी मोठ्यांनी चव घ्यायची, चव नोंदवहीत सही करायची, यावर कडक लक्ष असतं. एखादं पान चुकीचं खुडलं गेलं तर काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून ठरलं की रानभाज्या फक्त शनिवारच्या तासाला, पालकांच्या लेखी संमतीने, चवीपुरत्या. आणि ज्या भाजीची ओळख तिन्ही वाड्यांतल्या आज्यांना सारखी पटते तीच. टोपात मात्र परसबागेतलं.

परसबागेचं दुखणं वेगळं. सड्यावर माती हातभरही नाही, खाली जांभा. मुलांनी पिशव्यांतून माती आणून वाफे केले, हात धुण्याचं पाणी पाटाने वळवलं. लाल माठ आणि भेंडी छान आली आणि एका सकाळी माकडांच्या टोळीने उपटून, अर्धी खाऊन, अर्धी फेकून दिली. कोकणात हे दुखणं प्रत्येक बागेचं आहे. आता वाफ्यांत अळू, सुरण, हळद आणि कढीपत्ता आहे, ज्यांना माकडं सहसा तोंड लावत नाहीत, आणि माठ जाळीच्या खाली. अळू टोपात जातं, डाळीबरोबर, आमसूल घालून. पूर्वी मुलं खिचडीतून कोथिंबिरीचं पानसुद्धा उचलून ताटाच्या कडेला ठेवत. अळवाच्या डाळीच्या दिवशी खरकट्याच्या बादलीत पालेभाजी जवळजवळ नसते. बटाट्याच्या दिवशीही नसते, हे खरं, पण बटाट्याबद्दल चिंता कधीच नव्हती.

अंड्यांवरून गाव दोन भागांत गेलं. राज्याने २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं होतं. २०२५ च्या जानेवारीत त्याचा वेगळा निधी थांबला आणि अंडी, नाचणीसत्त्व हे लोकसहभागातून द्यावं असं ठरलं. माझं मत स्पष्ट आहे: चांगल्या प्रतीचं प्रथिन देणारं, बाहेरून भेसळ करता न येणारं, मोजून देता येणारं अन्न अंड्यासारखं दुसरं नाही, आणि ते निधीतूनच मिळायला हवं. माळकरी घरांचा आणि काही शाकाहारी कुटुंबांचा विरोध होता. त्यांच्या मुलांना केळं आणि शेंगदाणे, बाकीच्यांना अंडं, असा तोडगा निघाला, पण वर्गणी कुठे सारखी जमते? मासेमारीबंदीच्या महिन्यांत, म्हणजे गरज सर्वांत जास्त असते तेव्हा, ती आटते. जे काम सरकारचं ते गावाच्या खिशावर टाकलं की असंच होणार.

आणि पेजेवरून एका बापाने मला सरळ विचारलं, "पेजच खावची तर पोराक शाळेत कित्याक धाडूचा?" त्याला मुलाने पुढे जायला हवं होतं, आपण खाल्लं त्यापेक्षा वेगळं खायला हवं होतं. त्याच्या बोलण्यात गरिबीचा सगळा कडवटपणा होता. त्याला मी आकडे सांगितले नाहीत. पेजेबरोबर पिठी असू दे, मुलगा सकाळी चहा-खारीऐवजी ती खाऊन येऊ दे, एवढंच म्हटलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळेतच सकाळचा पौष्टिक नाश्ता द्यावा, निदान गूळ घातलेले शेंगदाणे किंवा चणे तरी, असं लिहिलेलं आहे. आमच्यापर्यंत ते अजून आलेलं नाही. सकाळचं पोट रिकामं असलेल्या मुलाला दुपारच्या तासाला आहार शिकवण्याचं दुःख पाचवीच्या बाई माझ्यापेक्षा जास्त जाणतात.

सध्या

'समतोल आहार'चा तक्ता भिंतीवर आहेच. त्याच्या शेजारी मुलांनी स्वतःचा लावलाय: बारा महिने आडवे, आणि प्रत्येक महिन्याखाली त्या महिन्यात गावात जे मिळतं ते. जूनखाली टाकळा, कुळीथ, सुका जवळा, फणसाच्या आठळ्या. श्रावणाच्या सुमाराला फागलं (करटोली) आणि अळू. दिवाळीनंतर नवा तांदूळ, नाचणी, तारली, बांगडा, वालाच्या शेंगा. मार्चखाली बोंडू. वह्यांत आता 'पेज' लिहिलेलं सापडतं, न खोडलेलं. मुलांचं रक्त वाढलं का, हे मी सांगू शकत नाही; त्यासाठी आरोग्य पथकाची तपासणी नियमित हवी आणि तिचे आकडे शाळेला कळायला हवेत.

समितीने नुकताच केलेला ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवला आहे. त्यात मागण्या अशा: शनिवारचा आहाराचा तास वेळापत्रकात लेखी धरावा. तो घेणाऱ्या स्वयंपाकी बाईंना स्वयंपाकाच्या मानधनाव्यतिरिक्त त्या तासाचं वेगळं मानधन मिळावं. आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या स्वयंपाकींना वर्षातून एकदा, शिक्षकांसारखंच, प्रशिक्षणाला बोलवावं आणि त्यात पोषणमूल्ययुक्त तांदळाची माहिती पहिली द्यावी. अंड्यांचा निधी पुन्हा सुरू व्हावा. सहीच्या जागी अध्यक्ष आणि मुख्याध्यापिका यांच्याबरोबर काकींचीही सही आहे. ती करायला त्या गेल्या पावसाळ्यात पहिलीच्या मुलांबरोबर बसून शिकल्या.

पहिल्या तीन मागण्यांना केंद्रप्रमुखांची शिफारस मिळाली आहे. चौथी त्यांच्या हातात नाही, म्हणून ती आम्ही जिल्हा परिषदेकडे वेगळी नेणार आहोत, आणि शेजारच्या शाळांच्या समित्यांनाही सह्यांसाठी विचारतो आहोत.